मधुमेहाची चाहूल



व्याख्यानमालेत इतिहासाला, साहित्याला आणि राजकारणाला श्रोते हौसेने येतात. रोगाचा विषय निघाला की मात्र मंडळी थोडी बिचकतात. दिवसभराच्या उन्हानंतर संध्याकाळी जरा वारा सुटलेला असताना आजाराच्या गोष्टी कशाला ऐकावयाच्या, असे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही आपण एवढ्या संख्येने आलात, याचा अर्थ या विषयाची झळ पुष्कळ घरांना लागलेली आहे, असा मी घेतो.

आज मी औषधे सांगणार नाही, पथ्याची लांबलचक यादीही वाचणार नाही. तीस-चाळीस वर्षे ओलांडलेल्या माणसाला मधुमेह जडू लागला, तर तो ओळखावयाचा कसा, एवढाच आजचा विषय आहे. बोलणार आहे ते उजनी धरणाच्या काठची गावे डोळ्यांसमोर ठेवून. टेंभुर्णी, भीमानगर, कंदर, केत्तूर, जिंती, वाशिंबे, कुगाव ही गावे आणि पलीकडच्या तीरावरील पळसदेव, भिगवण हा इंदापूरचा मुलूख आपल्या पायाखालचा आहे. रोग जगात सगळीकडे एकच असला तरी त्याची लक्षणे प्रत्येक मुलखात तिथला वेष घालून येतात. आपल्याकडे ती उन्हाळ्याचा, शेतातल्या कष्टांचा आणि वाढत्या वयाचा वेष घेतात, आणि म्हणूनच आपण फसतो.

हा रोग आपल्या देशाला नवा नाही. चरकाने आणि सुश्रुताने प्रमेहाचे सविस्तर वर्णन केलेले आहे. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे त्यांनी टिपून ठेवले होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की रोग पुरता प्रकट होण्याआधी जी चिन्हे दिसतात त्यांना त्यांनी ‘पूर्वरूप’ असे स्वतंत्र नाव दिले. घशाला कोरड, तहान, आळस, हातापायांची आग आणि अंगाची बधिरता ही चिन्हे त्या यादीत आहेत. सुश्रुताने तर दोन प्रकारचे रोगी वेगळे ओळखले. एक जन्मतःच दोष घेऊन आलेला, कृश. दुसरा अपथ्याने रोग ओढवून घेतलेला, स्थूल आणि बैठ्या सवयीचा. आजचे वैद्यकही मधुमेहाचे दोन प्रमुख प्रकार मानते, हे ऐकून आपल्याला कौतुक वाटेल. कौतुक जरूर करावे. परंतु त्यांनी ज्या नजरेने रोगी पाहिला ती नजर आपल्या घरात आणणे हे कौतुकापेक्षा अधिक मोलाचे आहे.

आता शरीरात बिघडते काय, ते पाहू. आपण खाल्लेल्या भाकरीची, भाताची, फळाची अखेर ग्लुकोज नावाची साखर होते आणि ती रक्तातून शरीरभर जाते. ही साखर पेशींच्या आत शिरावयाची तर इन्सुलिन नावाचे द्रव्य लागते. ते पोटातील स्वादुपिंडात तयार होते. इन्सुलिन कमी पडले, किंवा असूनही पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या, की साखर रक्तातच साचत राहते. घरात धान्याची पोती भरलेली आणि चूल मात्र थंड, अशी ती अवस्था होय. म्हणूनच रक्त साखरेने भरलेले असताना माणूस थकतो, वाळतो आणि त्याला भूकही लागते.

याउपर जी गोष्ट समजावयाची ती समजावून देण्यास आपल्या धरणासारखा दाखला नाही. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्यात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. हे धरण भरते कसे, ते आपण दरवर्षी पाहतो. पाऊस पुण्याकडच्या डोंगरांत पडतो, आपल्याकडे आभाळात ढगाचा टिपूसही नसतो, आणि तरी इथे पाणी चढत राहते. खालच्या गावांना धरण भरल्याचे कळते ते केव्हा? दरवाजे उघडून नदीत पाणी सोडले म्हणजे. मूत्रपिंडाचे काम असेच चालते. रक्तातील साखर शंभर मिलिलिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली म्हणजे ती लघवीवाटे सांडू लागते. सांडताना ती आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून लघवी वाढते, लघवी वाढली म्हणून तहान वाढते. परंतु उपाशीपोटी साखर १२६ झाली की मधुमेह जडला असे वैद्यक मानते. म्हणजे १२६ पासून १८० पर्यंत पाणी मुकाट्याने चढत असते आणि खालच्या गावाला त्याची वार्ताही नसते. हा मुकाटपणा कित्येकदा वर्षानुवर्षे चालतो. लघवीतली साखर तपासून ‘काही नाही’ म्हणणे का पुरेसे नाही, हेही यावरून ध्यानात येईल.

आता लक्षणे एकेक करून घेऊ, आणि प्रत्येकाने आपल्याकडे कोणता वेष घेतलेला असतो तेही पाहू.

पहिले लक्षण वारंवार लघवी आणि अनावर तहान. सोलापूर जिल्ह्याचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जाणारा. तहान लागली तर नवल काय, असे आपण म्हणतो. लघवीला सारखे जावे लागले तर ‘उन्हाळी लागली’ म्हणून सब्जा आणि धन्या-जिऱ्याचे पाणी घेतो. हे पाणी पिण्यास हरकत नाही. पण एक फरक ध्यानात ठेवावा. उन्हाने घाम गेलेल्या माणसाला लघवी थोडी आणि पिवळी होते. उन्हाळी लागली तर थेंब थेंब होते आणि जळजळते. मधुमेहात ती पुष्कळ होते, आणि रात्री झोपेतून दोन-तीनदा, कधी त्याहूनही अधिक वेळा उठवते. उन्हात भरपूर तहान आणि त्याबरोबर भरपूर लघवी हा जोड उन्हाळ्याचा नव्हे. रात्री उसाला दारे धरावयास जाणाऱ्या शेतकऱ्याला तर हे कळतच नाही, कारण तो जागाच असतो. अशा वेळी घरच्या माणसांनी विचारावे.

इथे एक धोका आपल्या मुलखाचा खास आहे. तहान लागली, थकवा आला, की रस्त्याकडेच्या रसवंतीत जाऊन उसाचा रस घ्यावयाचा. निरोगी माणसाने कष्टानंतर एक पेला घेतला तर प्रश्न वेगळा. ज्याची तहानच मुळी साखरेने लागलेली आहे, तो साखरेचे पाणी पिऊन ती भागवू पाहतो. साखर आणखी चढते, तहान आणखी वाढते आणि दुसरा पेला मागवला जातो. बाटलीतील गोड पेयांचेही असेच. म्हणून तहान रोजच्या मानाने वाढली असे वाटले तर आठ दिवस केवळ साधे पाणी प्यावे आणि त्या आठ दिवसांतच रक्त तपासून घ्यावे.

दुसरे लक्षण वजन उतरणे. विजार सैल झाली, अंगठी बोटातून निसटू लागली, गालफडे बसली. आपल्याकडे यावर ‘कष्टाने वाळला’, ‘मुलीच्या लग्नाची काळजी लागली’, ‘दृष्ट लागली’ अशी कारणे तयार असतात. जेवण नेहमीसारखे, किंबहुना जास्त, आणि वजन मात्र उतरते आहे, असे झाले तर मधुमेहाची आणि क्षयरोगाची, दोन्ही तपासण्या कराव्यात. मधुमेह्याला क्षय होण्याचा संभव इतरांच्या दोन-तीन पट असतो, आणि हे दोन्ही पाहुणे कधी कधी एकाच घरात एकदम उतरतात.

तिसरे लक्षण थकवा. हा सर्वांत फसवा, कारण थकण्यास कारणे शंभर. परंतु जे काम मागल्या वर्षी सहज होत होते ते यंदा झेपेना, दुपारच्या जेवणानंतर डोळे मिटू लागले, असा बदल झाला असेल तर त्याची नोंद घ्यावी.

चौथे लक्षण डोळ्यांचे. दृष्टी अंधुक होते, आणि विशेष म्हणजे आज अंधुक तर चार दिवसांनी बरी, असे हेलकावे खाते. साखरेच्या चढउतारामुळे डोळ्यातील भिंगात पाणी कमीजास्त होते, त्याचा हा परिणाम. आपण मात्र ‘चाळिशी लागली’ म्हणतो आणि बाजारातून चष्मा आणतो. वर्षातून दोनदा चष्म्याचा नंबर बदलावा लागला तर चष्मेवाल्याला दोष न देता रक्त तपासावे.

पाचवे लक्षण त्वचेचे. जखम चिघळत राहणे, वरचेवर गळवे होणे, पाठीवर किंवा मानेवर काळपुळी उठणे, जांघेत गजकर्ण बरे होऊन पुन्हा उमटणे, हिरड्या सुजून दात हलू लागणे, ही सारी चिन्हे साखर वाढल्याची असू शकतात. मानेच्या मागे आणि काखेत मखमलीसारखा काळसर जाड पट्टा दिसतो. तो मळ समजून घासू नये. शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असते.

याच सदरात एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी, आणि सभेत भगिनी बसल्या आहेत म्हणून मी ती टाळणार नाही, उलट त्यासाठीच सांगणार आहे. गुप्तांगाची खाज आणि अंगावरून वारंवार पांढरे जाणे, हे स्त्रियांत मधुमेहाचे पहिले चिन्ह असू शकते. पुरुषांतही तशी खाज आणि त्वचेला चिरा पडणे आढळते. लाजेने ही गोष्ट नवऱ्याला, बायकोला, डॉक्टरला कोणालाच सांगितली जात नाही. मलम लावले जाते आणि रोग आत वाढतो. ज्या बाईला गरोदरपणी साखर वाढली होती तिने तर बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी, आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी, तपासणी करावी. बाळंतीण सुखरूप सुटली म्हणजे साखरेची गोष्ट संपली, असे होत नाही.

सहावे आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे लक्षण पायांचे. तळव्यांची आग, मुंग्या, रात्री वाढणारी टोचणी, आणि मग हळूहळू बधिरता. चालता चालता चप्पल पायातून निसटते आणि माणसाला कळत नाही, हे याचे ठळक चिन्ह. आपली माणसे अनवाणी शेतात उतरतात. तोडणी झालेल्या फडात उसाचे बुडखे भाल्यासारखे उभे असतात. मासेमारी करणाऱ्यांचे पाय तासन् तास पाण्यात आणि चिखलात. पायरीवर तापलेली फरशी, वारीच्या वाटेवर तापलेली सडक. ज्या पायाला वेदना कळते तो पाय आपले रक्षण करतो. ज्याला कळत नाही तो जखम घेऊन तसाच चालत राहतो. मग त्यात पू होतो, बोट काळे पडते, आणि कधी पायाला मुकावे लागते. ‘दुखत नाही ना, मग काही नाही’ हे आपले नेहमीचे वाक्य इथे नेमके उलटे पडते. दुखत नाही हीच इथे तक्रार आहे.

याची एक घरगुती परीक्षा सांगतो. माणसाला डोळे मिटून आडवे करावे. दुसऱ्याने आपल्या बोटाच्या टोकाने, दाबू नये की घासू नये, त्याच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला एक-दोन सेकंद हळूच स्पर्श करावा. स्पर्श झाला की त्याने कोणता पाय ते सांगावयाचे. सहांपैकी दोन किंवा अधिक स्पर्श चुकले तर पायांची संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे. हिला ना पैसा लागतो, ना यंत्र. आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांवर ती करून पाहावी.

इतकी लक्षणे सांगितल्यावर आता सांगतो ते ऐकून आपण चकित व्हाल. बहुसंख्य मधुमेह्यांना सुरुवातीची कित्येक वर्षे यांतले एकही लक्षण नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यापूर्वी, २०११ साली याच पाहणीचा पहिला टप्पा प्रसिद्ध झाला, तेव्हा महाराष्ट्रातील प्रमाण शेकडा ८.४ निघाले होते. म्हणजे बारा प्रौढ माणसे ओळीने बसवली तर त्यांत एक.

‘पण मी तर सडपातळ आहे’, असे काहीजण मनात म्हणत असतील. त्यांच्यासाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम सांगतो. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी, परंतु चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली निघाली. २००४ साली याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी आपले दोघांचे छायाचित्र एका वैद्यकीय नियतकालिकात छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तर युडकिन यांची शेकडा ९.१ आणि याज्ञिक यांची २१.२. दिसावयास बारीक आणि आतून लठ्ठ, अशी आपली ठेवण आहे. म्हणून आपल्याकडे तराजूपेक्षा शिंप्याची फीत अधिक खरे बोलते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हावे.

मद्रासच्या मधुमेह संशोधकांनी २००५ साली गुणांची एक सोपी पद्धत तयार केली. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, ५० किंवा अधिक असेल तर ३०. कंबर पुरुषाची ९० ते ९९ किंवा स्त्रीची ८० ते ८९ असेल तर १०, त्याहून अधिक असेल तर २०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांनाही असेल तर २०. बैठे काम आणि व्यायाम शून्य असेल तर ३०. कष्टाच्या आणि व्यायामाच्या मानाने हे गुण कमी होतात. बेरीज ६० किंवा अधिक झाली तर धोका मोठा. समजा एक दुकानदार आहेत, वय ४५, कंबर ९२, दिवसभर गल्ल्यावर, आईला मधुमेह. वीस, दहा, तीस, दहा. झाले सत्तर. शाळेच्या परीक्षेत इतके गुण मिळाले तर पेढे वाटावेत. इथे मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यावयास जावे.

धरण येण्यापूर्वीचा बैठा माणूसही फारसा बैठा नव्हता. आता मोटेच्या जागी मोटर आली, पायवाटेच्या जागी दुचाकी आली. ज्वारीची भाकरी नुसती आठवणीत राहिली असे नाही, पण तिच्या शेजारी गोड चहाचे पेले वाढले. धरणाने मधुमेह आणला, असे मी मुळीच म्हणत नाही. धरणाने या कोरड्या मुलखाला अन्न दिले. कष्ट कमी झाले हे चांगलेच झाले. फक्त कमी झालेल्या कष्टांचा हिशेब आपण ताटात केला नाही.

तपासणीचे आकडे आता थोडक्यात सांगतो. हवे तर लिहून घ्यावेत. आठ तास उपाशी राहून केलेल्या तपासणीत साखर १०० च्या खाली असावी. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. १२६ किंवा अधिक म्हणजे मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घेऊन दोन तासांनी २०० किंवा अधिक निघाली तरी मधुमेह. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी नावाची तपासणी असते, तीत ६.५ किंवा अधिक म्हणजे मधुमेह. मात्र अंगात रक्त कमी असेल तर हा शेवटचा आकडा फसवू शकतो, आणि आपल्या भगिनींत रक्तक्षय पुष्कळ, हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे. लक्षणे काहीच नसतील तर एकाच आकड्यावर शिक्कामोर्तब करू नये. तपासणी पुन्हा करावी. बोट टोचून यंत्रावर पाहिलेली साखर ही सूचना समजावी, निकाल प्रयोगशाळेचा मानावा. तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासण्याची सोय सरकारी उपकेंद्रांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत विनामूल्य आहे. आशाताई घरी येऊन विचारते तेव्हा तिला ‘आमच्याकडे कोणी आजारी नाही’ म्हणून परत पाठवू नये.

काही चिन्हांना मात्र उद्याची वाट पाहू नये. तहान-लघवी वाढलेल्या माणसाला उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, तोंडाला सडक्या फळासारखा वास, गुंगी, यांपैकी काही दिसले तर रात्र असो की पाऊस, त्याला तसेच रुग्णालयात न्यावे. इथे तासांचा हिशेब असतो.

शेवटी दोन गैरसमज. साखर बंद करून गूळ घेतला की झाले, हा पहिला. गूळ उसाचाच, आणि रक्ताला त्याचा रंग कळत नाही. दुसरा असा की ‘एकदा गोळी लागली की सुटत नाही, म्हणून तपासूच नये.’ तपासल्याने रोग होत नाही, जसे मोजल्याने धरणात पाणी वाढत नाही. उंबरठ्यावर सापडलेला माणूस वजन, चालणे आणि ताट सांभाळून पुष्कळदा रोग लांबवू शकतो. उशिरा सापडलेल्याच्या डोळ्यांचे, मूत्रपिंडांचे आणि पायांचे नुकसान बहुधा आधीच सुरू झालेले असते. कॅनडात १९२१ साली इन्सुलिनचा शोध लागला आणि १९२२ च्या जानेवारीत एका चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम देण्यात आले. त्यापूर्वी अशा मुलाचे मरण निश्चित समजले जाई. आज औषध आहे, ज्ञान आहे. उणीव आहे ती वेळेवर ओळखण्याची. आणि ती उणीव भरून काढणे डॉक्टरांच्या हाती थोडे, आपल्या हाती जास्त आहे.

धरणावर पाण्याची पातळी रोज मोजतात, पूर येण्याची वाट पाहत बसत नाहीत. आपण आपल्या रक्ताची पातळी वर्षातून एकदा मोजावी, एवढीच माझी विनंती आहे.